प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलं

वैजयंती ओहोळ यांना डोळे मिटून स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. डोळे मिटले की कान जास्त उघडतात, असं त्या म्हणतात. स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय, लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अडकलीय, खाली कुणीतरी गाडी मागे घेतोय आणि आता नक्की ठोकणार आहे, हे सगळं त्यांना प्रार्थनेच्या पहिल्या वाक्यातच ऐकू येतं. नोकरीनं ही सवय पक्की केली. नोएडातल्या एका खासगी इस्पितळात डायलिसिस विभागाच्या त्या मुख्य नर्स. यंत्रं एका ओळीत मांडलेली, त्यातलं कुठलं कधी बोंबलेल याचा नेम नाही. एका रुग्णाशी बोलताना दुसऱ्याच्या यंत्राकडे कान ठेवायचा, हे त्या मिरजेला नर्सिंग शिकल्यापासून करत आल्या आहेत.

त्यांची प्रार्थनाही तशीच असे. एका पाळीच्या सिस्टरनं दुसरीला चार्ज द्यावा, तशी. कोण, काय होतंय, आतापर्यंत काय केलं, पुढे काय करायचं. प्रभू, यांचं ब्लडप्रेशर खाली आण, गोळी चालू आहे. साकेतची परीक्षा पार पाड, अभ्यास झालाय. नगरच्या मावशीचा मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर चांगला दे, आणि शक्य तर पुढच्या आठवड्यात. पती अंबादास एकदा म्हणाले होते की तुझ्या प्रार्थनेत देवाला फक्त सही करायची उरते. ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आहेत. सही करणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक.

दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीत ही दोघं आणि मुलगा साकेत अशी तिघं राहत. साकेत सत्तावीस वर्षांचा. इंजिनिअरिंग झाल्यावर नोकरी न धरता त्यानं नागरी सेवेच्या परीक्षेचा रस्ता धरला. यंदा तो पहिल्यांदाच मुख्य परीक्षेपर्यंत पोचला, आणि घरात जपून बोलायची पद्धत सुरू झाली. अंबादासांनी सोसायटीतल्या लोकांना काही सांगितलं नव्हतं, पण रोज सकाळी पोराला टोस्ट स्वतः भाजून देत होते. त्यांच्या दृष्टीनं हे सांगण्यापेक्षा जास्त होतं.

पेपर संपून महिना उलटला तेव्हा एका संध्याकाळी साकेत स्वयंपाकघरात आला. वैजयंतीबाई भेंडी चिरत होत्या. तो फ्रीजला टेकून उभा राहिला आणि म्हणाला की दुसऱ्या दिवशी दुपारच्या पेपरात हात चालेना. प्रश्न वाचता येत होते, पण छाती आवळल्यासारखी झाली, घाम फुटला. बाहेर सोडायला लागले तसा तो उठला. पुढच्या पेपरांना गेलाच नाही. रोज टोस्ट खाऊन घरातून निघायचा आणि मेट्रोत बसून द्वारकेपर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा.

वैजयंतीबाईंनी सुरी खाली ठेवली. नर्स असल्यामुळे आधी त्यांना छातीचंच विचारायचं होतं. त्यानं हात वर करून थांबवलं.

"पप्पांना मी सांगीन. मला थोडे दिवस दे. तू कुणालाच नको सांगूस, मम्मी. बिल्कुल कुणालाच."

"नाही सांगत."

तो शब्द त्यांनी मनापासून दिला होता, यात शंका नाही. पण शब्द देणं वेगळं आणि पोटात घेऊन हिंडणं वेगळं. सकाळी अंबादास टोस्ट भाजताना दिसले की त्या पाठ फिरवून ओटा पुसू लागत. निकालाची तारीख कधी जाहीर होईल हे ते मोबाइलवर बघत, तेव्हा बाई उठून बाल्कनीत जात, वाळलेले कपडे पुन्हा झटकत. प्रार्थनेला बसल्या की चार्ज द्यायला सुरुवात होई आणि मध्येच तुटे. कारण पुढे काय करायचं, हे त्यांनाच कळत नव्हतं. देवाला सूचना काय द्यायची? परीक्षेत पास कर, असं तर आता म्हणता येत नव्हतं.

शेवटी त्यांनी विजयाताईंना फोन केला.

विजया पठारे या निवृत्त शिक्षिका. दिल्लीत तीस-चाळीस वर्षं राहिलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची महिन्यातून एकदा घरोघरी प्रार्थनासभा भरते, ती त्यांनी चालू ठेवली आहे. नगर, जालना, कोल्हापूर, अशा ठिकाणांहून आलेली माणसं. रविवारी जो तो आपापल्या हिंदी किंवा इंग्रजी चर्चला जातो, आणि महिन्याच्या एका शनिवारी मराठीत देवाशी बोलायला एकत्र येतो. विजयाताईंचा आवाज खणखणीत, प्रार्थना लांबलचक आणि स्मरणशक्ती भयंकर. कुणाचं ऑपरेशन, कुणाची बदली, कुणाच्या सुनेचं काय, सगळं त्यांच्याकडे जमा होतं. आणि या मंडळींत एक अलिखित नियम आहे: प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलं, तर ते कुणाला सांगितलं असं होत नाही. चहाडी वेगळी, प्रार्थनेची विनंती वेगळी. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण पाळतात सगळे.

वैजयंतीबाईंनीही तोच पाळला. फोनवर म्हणाल्या, ताई, प्रार्थनेसाठी म्हणून सांगते. मग सगळं सांगितलं. छाती आवळल्याचंसुद्धा. फोन ठेवल्यावर त्यांना खूप दिवसांनी गाढ झोप लागली.

त्या महिन्याची सभा ओहोळांकडेच होती. गाणी झाली, शास्त्रवाचन झालं, आणि मग नेहमीप्रमाणे साखळी प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांनी गोल बसून हात धरायचे, डोळे मिटायचे, एकामागून एक मोठ्यानं प्रार्थना करायची. ज्याला करायची नसेल त्यानं शेजाऱ्याचा हात हलकेच दाबायचा, म्हणजे पाळी पुढे जाते. अंबादास गेली कित्येक वर्षं हात दाबत आले आहेत. साकेत घरी नव्हता, लायब्ररीत गेला होता. विजयाताईंची पाळी आली. त्यांनी देशासाठी मागितलं, आजाऱ्यांसाठी मागितलं, आणि आवाज किंचित खाली आणून म्हणाल्या:

"आणि हे पित्या, या घरातल्या साकेतला आठव. परीक्षेतून तो उठून आला, बाकीच्या पेपरांना गेला नाही, हे तू बघितलं आहेस. त्याच्या मनातली भीती काढून टाक. आईबापाला धीर दे."

वैजयंतीबाईंच्या उजव्या हातात अंबादासांचा हात होता. तो हलला नाही, आवळला नाही, सैलही झाला नाही. नाडी बघण्याची सवय असलेल्या बाईला त्या हातातून काहीच कळलं नाही. डोळे उघडावेत तर साखळीत कुणी उघडत नाही. थांबवावं तर देवाशी बोलणाऱ्या माणसाला मध्येच कसं थांबवणार? विजयाताईंनी शेवट केला. सगळे आमेन म्हणाले. अंबादासही म्हणाले, जरा मोठ्यानं.

मग त्यांनी उठून शेवचिवड्याच्या बशा फिरवल्या. कुणाला चहात साखर किती, ते विचारलं. एकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ते म्हणाले, चिवडा जरा नरम पडलाय, माफ करा. मंडळी गेल्यावर त्यांनी सगळे कप स्वतः विसळले. बाई मागे उभ्या राहून ते पुसत राहिल्या.

साकेत आला तेव्हा वडील डायनिंग टेबलाशी बसले होते.

"कुठला पेपर होता तो?"

साकेतनं आईकडे पाहिलं.

"तिच्याकडे बघू नकोस. मला तिनं नाही सांगितलं. मला प्रार्थनेत कळलं."

साकेतला उमजायला क्षणभर लागला. मग तो हसला, आणि ते हसू बाईंना अजून आठवतं. "अच्छा. म्हणजे मम्मीनं देवाला सांगितलं आणि देवानं मंडळाला. सिस्टिम छान आहे."

रविवारी सकाळी तो बॅग भरून निघाला. पहाडगंजला त्याचा मित्र यशोधन खोली घेऊन राहतो. मूळचा लातूरकडचा, त्याच परीक्षेच्या मागे. एका ठोक दुकानाच्या वरची खोली. अंबादास म्हणाले, टोस्ट खाऊन जा. तो नको म्हणाला. त्या घरात आवाज कुणी चढवला नाही, आणि तेच बाईंना जड गेलं. भांडण झालं असतं तर कुठून शिवायचं ते तरी दिसलं असतं.

त्यांनी विजयाताईंना फोन लावला. विजयाताई चकित झाल्या. त्यांनी काय गावात दवंडी पिटली होती? देवापुढे ठेवलं होतं. वाईट तर काही मागितलं नव्हतं.

"देवाच्या आजूबाजूला आम्ही सगळे बसलो होतो ना, ताई."

"आणि तू मला सांगितलंस, तेव्हा मी कोण होते गं? मीही आजूबाजूचीच."

वैजयंतीबाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅसची शेगडी घासत राहिल्या. ती आधीच स्वच्छ होती.

पुढचे आठवडे त्यांनी कसे काढले ते विभागातल्या मुलींना विचारावं. सिस्टर एका जागी टिकत नव्हत्या. लावलेली पट्टी पुन्हा बघायच्या, मोजलेलं वजन पुन्हा मोजायच्या. एक वृद्ध पंजाबी रुग्ण त्यांना म्हणाला, सिस्टरजी, मशीन मुझे लगी है, घूम आप रही हो. साकेतला फोन केला की तो उचलायचा, हे खरं. "ठीक आहे," "जेवलो," "बघतो." तीन उत्तरं आणि ठेवून द्यायचा. दिवाळीनंतर हवा नेहमीसारखी बिघडली, समोरची इमारत दिसेनाशी झाली, तेव्हा बाईंच्या डोक्यात आणखी एक गोष्ट शिरली: तो स्वेटर न घेता गेला आहे.

प्रार्थना तर पूर्ण बंद पडल्यासारखी झाली. देवावर राग नव्हता. भीती स्वतःच्या तोंडाची होती. प्रभू, साकेत असा वागतोय, यांनी बोलणं कमी केलंय, असं त्या सुरू करत आणि त्यांना ऐकू येई की हा तोच सूर आहे, फोनवर विजयाताईंना सगळं सांगतानाचा. देवाशी बोलणं आणि चुगली करणं यांत आपल्या आवाजात काही फरकच नाही की काय? मोठी प्रार्थना येईना, छोटी पुरेशी वाटेना. उपास करून पाहिला, तर त्या दिवशी एका मुलीवर विनाकारण खेकसल्या.

एका सकाळी अंबादास बेसिनपाशी दाढी करत होते. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या की तुम्ही इतकी वर्षं सभेत हात दाबता, मग प्रार्थना करता तरी का?

अंबादासांनी आरशातून पाहिलं. "करतो की. आत्ताच करत होतो."

"दाढी करताना?"

"तोंड बंद ठेवावं लागतं. बरं पडतं."

बाईंनी विचारलं, काय म्हणता? ते म्हणाले, नावं घेतो.

"आणि पुढे?"

"पुढे काय. थांबतो. मग दुसरं नाव."

"काही मागत नाही?"

"मंत्रालयात तीस वर्षं दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारले, वैजू. इथे तरी नको. नाव पाठवायचं, शेरा त्याचा."

बाईंनी टॉवेल पुढे केला. मग साकेतचं नाव घेता का, असं विचारलं. ते म्हणाले, पहिलं त्याचंच. आणि ब्रश धुताना पुढे म्हणाले, अगदी सहज, की मनाला लागलं ते नापास होण्याचं नव्हतं, आपल्याला सगळ्यांच्या शेवटी कळलं, त्याचं होतं. तेही सगळ्यांसमोर. बाई म्हणाल्या, चुकलं माझं. ते म्हणाले, हो.

बत्तीस वर्षांच्या संसारात त्या दोघांनी एकमेकांना ही गोष्ट कधी विचारली नव्हती. जेवणाआधीची प्रार्थना बाई म्हणत, सभेतली विजयाताई म्हणत, आणि अंबादास आपले मुके, असं गृहीत होतं.

वैजयंतीबाईंनी ती पद्धत उचलली, पण ती त्यांना सरळ पेलली नाही. मेट्रोत मयूर विहारला चढायचं आणि दार बंद होताना म्हणायचं: साकेत. पुढच्या क्षणी मन म्हणे, काय खाल्लं असेल. यशोधनला स्वयंपाक येतो का. पहाडगंजचं पाणी कसलं. न्यू अशोक नगर येईपर्यंत त्या लातूरच्या मुलाच्या आईपर्यंत पोचलेल्या असत. मग पुन्हा: साकेत. इस्पितळात हात धुण्याचा वेळ त्यांना जास्त सोयीचा पडला. तो वेळ ठरलेला असतो, कुणी हाक मारत नाही, आणि हात ओले असल्यामुळे मोबाइल बघता येत नाही. नंतर सुई टोचतानाही जमू लागलं. रुग्णाला त्या सांगत, श्वास सोडा, आणि तो सोडत असताना मनात त्याच रुग्णाचं नाव घेत. कधी चांगलं निघे, कधी नुसतंच टोचणं होई. शांती मिळाली वगैरे त्या म्हणत नाहीत. विचारलं तर सांगतात, माझी बडबड कमी झाली, एवढं खरं.

स्वेटर घेऊन त्या पहाडगंजला गेल्या तो दिवस सुट्टीचा होता. रामकृष्ण आश्रम मार्ग स्टेशनला उतरून, हातगाड्या चुकवत, विचारत विचारत त्या दुकान शोधत गेल्या. साकेत खाली आला. वर चल म्हणाला नाही. दाढी वाढली होती, पण डोळे बरे दिसत होते, हे बाईंनी एका नजरेत टिपलं. छातीबद्दल विचारायचं होतं. विचारलं नाही. पिशवी पुढे केली.

"आता पुढच्या सभेत काय सांगणार?" त्यानं विचारलं.

"काही नाही."

"आणि देवाला?"

"तुझं नाव."

"बस? पुढचं?"

"पुढचं मला माहीत नाही."

त्यानं पिशवीत डोकावून पाहिलं, स्वेटरच्या खाली लाडू होते, ते बघून कपाळाला हात लावला. मग स्टेशनपर्यंत सोडायला आला. वाटेत तो चालत्या रिक्षांवर काहीबाही बोलत राहिला, घरचं काही नाही. बाईंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

पुढची सभा विजयाताईंकडे होती. विनंत्या विचारताना विजयाताईंनी नेहमीप्रमाणे एकेकाकडे पाहिलं, आणि वैजयंतीबाईंपाशी थांबल्या. आवाजात माया होती, त्यामुळेच कठीण झालं.

"साकेतसाठी काय मागायचं गं?"

खोलीतल्या सगळ्यांना उत्तर हवं होतं. काहींना खरोखर काळजी होती, काहींना निकालाचं कुतूहल होतं, आणि बहुतेकांना दोन्ही. वैजयंतीबाईंच्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पोरगा बरा दिसतो, स्वेटर घेतला, स्टेशनपर्यंत आला. चांगल्या बातम्या होत्या, सांगायला हरकत कसली.

"साकेतसाठी मी घरी करते, ताई."

विजयाताईंचा चेहरा उतरला. अपमान करायचा नव्हता, पण झाला. साखळी फिरत आली तेव्हा बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा शेजारणीचा हात दाबला. शेजारीण थांबली, तिला वाटलं चुकून दाबला गेला. बाईंनी पुन्हा दाबला. त्या रात्री मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं की वैजयंतीताईंची तब्येत बरी आहे ना, प्रार्थनेत ठेवू का.

डिसेंबरातल्या एका रविवारी, उपासनेहून येऊन बाई स्वयंपाकाला लागल्या होत्या, तेव्हा साकेत आला. न कळवता. जाकीट काढलं, पाणी प्यायला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. अंबादास बाल्कनीत उन्हाला पेपर वाचत बसले होते.

"मम्मी, एक सांगायचं होतं."

बाईंच्या हातात कोथिंबीर होती. ती त्यांनी तशीच धरून ठेवली. इतक्या दिवसांत याच वाक्याची वाट पाहिली होती. आत काहीतरी धावत सुटलं: डॉक्टरकडे गेला का, नोकरी धरली का, कुणी मुलगी आहे का, पुन्हा परीक्षा, की परीक्षाच नको.

"मला नको सांगूस," त्या म्हणाल्या.

साकेतला वाटलं आई रुसलीय. तिनं मान हलवली.

"रागानं नाही म्हणत. मला ठेवता येत नाही रे. प्रयत्न चालू आहे, पण अजून नाही येत. तू सांगशील आणि दोन दिवसांनी माझ्या तोंडून कुठेतरी निघेल. आत्ता नको."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला थोडंसं हसू आलं. "मग कुणाला सांगू?"

बाईंनी बाल्कनीकडे पाहिलं, पण नाव घेतलं नाही. तेही त्यानंच ठरवायचं होतं.

साकेत दारातच उभा राहिला, मग वळला. बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज आला. खुर्ची ओढली गेली. पेपराची घडी पडली. साकेतचा आवाज सुरू झाला, खालच्या पट्टीत, आणि मध्ये अंबादासांनी काहीतरी विचारलं. एका यंत्राशी उभं राहून सहाव्या यंत्राचं ऐकणारे कान ते. आणखी दोन पावलं पुढे गेल्या असत्या तर शब्द न् शब्द कळला असता. त्यांचा एक पाय उचललाही गेला होता.

त्यांनी मागे फिरून खोबरं, मिरच्या, कोथिंबीर मिक्सरमध्ये टाकली आणि बटण दाबलं. मिक्सर जुना, घरघर सगळ्या घरात भरली. चटणी कधीच वाटून झाली होती, तरी त्या बटणावर बोट ठेवून उभ्या राहिल्या, थोडं पाणी घातलं, पुन्हा फिरवली, पुन्हा पाणी घातलं.

बापलेक जेवायला आले तेव्हा दोघांचे डोळे जरा लाल होते. बोलले ते हवेविषयी. चटणी वाटीत ओतावी लागली, ताटात वाढताच ती भाताखाली पसरत गेली. कुणी काही म्हटलं नाही, आणि दोघांनीही ती पुन्हा मागून घेतली. त्या दिवशी बाल्कनीत काय बोलणं झालं, ते वैजयंतीबाईंना अजून माहीत नाही.